गळती

शाळेने दिलेला रेकॉर्डर दोन वर्षांत
यशोधराने दातांनी कुरतडून ठेवला.
तोंडाशी पांढऱ्याचा पिवळा झालेला,
मागे कंपासच्या टोकाने कोरलेलं नाव,
त्यातला ‘ध’ उलटा.

फिलोमिना मिसने वहीत लिहून पाठवलं :
तीव्र मध्यम खोटा लागतो.
दोष मुलीचा नाही, वाद्याचा आहे.
मी तीनदा वाचलं.
आमच्या घरात आजवर
दोष तुमचा नाही असं
कुणी लिहून दिलं नव्हतं.

मी अजनीच्या शेडमध्ये ब्रेकची हवा तपासतो.
नळीला साबणाचं पाणी लावायचं,
बुडबुडा आला की तिथे गळती.
वीस वर्षांनी साबण लागत नाही, कान पुरतो.
म्हणून वाटलं, हवेचंच काम आहे,
आपल्याला जमेल.

सदरला, आतल्या गल्लीत हुसैनीभाईंचं दुकान.
पेटीचे भाते पोट उघडून पडलेले,
वर पंखा, एप्रिलची झळ नुसती फिरवणारा.
त्यांनी काचेवर तीन मांडले.
एक लांब, जाड आवाजाचा;
यशोची बोटं त्याला अजून पुरत नाहीत.
एक लाकडी.
ओव्हरटाइमचे पैसे खिशात होते
आणि माझा हात आधी त्याच्याकडेच गेला.
मधाच्या रंगाचा. हातात घेतला
तर वजन कळेना, किंमत कळली.

‘न्या ना भाऊ. पण मे महिन्यात
शेचाळीस डिग्रीत याले तडा जाईन.
कूलरपाशी फुगन, गच्चीवर आकसन.
सुरुवातीले रोज दहाच मिनिटं वाजवा लागते, तेल पाजा लागते.
पोट्टी दहा मिनिटांत थांबते काय?’

थांबत नाही. शेजारी दारं लोटून घेतात.

मग तो तपकिरी, तीन तुकड्यांचा. प्लास्टिकच.
यशो फुंकू लागली तसा मी सांध्याशी कान नेला.
‘काय ऐकून रायले भाऊ?’
काही नाही. हवा कुठेच निसटत नव्हती.
यशोने शेवटचा तुकडा जरासा फिरवला,
टपकता नळ बंद करताना शेवटी फिरवतो तेवढाच,
आणि तिची करंगळी
दोन वर्षांत पहिल्यांदा
न ताणता छिद्रावर बसली.
तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.
लाकडाकडे मी थोडा वेळ पाहत राहिलो, एवढंच.

कुणी सांगितलं नव्हतं
की चांगलं वाद्य घरी आल्यावर आधी वाईट वाजतं.
जुन्यावर शुद्ध मध्यम सोपा होता,
एकामागून एक बोटं, जिना उतरल्यासारखी.
नव्यावर मधलं बोट उचलायचं
आणि त्याच्या पलीकडची दोन खाली ठेवायची,
एक पायरी गाळून.
तिची बोटं जुन्याच जिन्याने जात.
सा, रे, ग,
आणि मग घर थबके.
कढईत सुनंदाचा झारा थांबे,
कमाल चौकातले हॉर्न तेवढ्यात आत येऊन घेत.
मग खोटा मध्यम. मग पुन्हा सा.

नवव्या दिवशी मी म्हटलं, बदलून आणू का गं?
‘बाबा, तुम्ही काऊन घाबरून रायले?’
म्हणाली, आणि पुन्हा चुकली.

जुना आता माझ्या पान्यांच्या पिशवीत असतो.
मला वाजवता येत नाही.
फेकायचा जीव झाला नाही, त्या उलट्या ‘ध’पायी.

काल रात्रपाळीला एका इंजिनाखाली वाकलो.
कुठेतरी बारीक सूं होतं,
सापडत नव्हतं.
कान लावला, नळीवर उजवा हात टेकवला
आणि टॉर्चच्या उजेडात पाहिलं
तर मधलं बोट आपसूक वर,
पलीकडची दोन खाली.

तसाच राहिलो जरा वेळ.
गळती नंतर सापडली.